अजून एक काटा कुठे बसवायचा?

छोट्या मोटरबोटीत चालवणाऱ्याच्या समोर जेमतेम दोन-अडीच फुटांचा डॅशबोर्ड असतो. त्यावर इंजिनाचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, डिझेलची पातळी, व्होल्टमीटर, इंजिन किती तास चालले ते मोजणारा अवरमीटर एवढी मंडळी आधीच दाटीवाटीने बसलेली असतात. मधोमध होकायंत्र, बाजूला दिव्यांची, पंपाची आणि भोंग्याची बटणे. मग व्हीएचएफ रेडिओ येतो, पाण्याची खोली मोजणारा इको साउंडर येतो, जीपीएसचा पडदा येतो. पुढच्या हंगामात मालकाला वाटू लागते की गिअरबॉक्सच्या तेलाचा दाबही दिसायला हवा, एक्झॉस्ट किती तापतो तेही कळायला हवे, आणि दुसऱ्या बॅटरीचे काय? नवा मीटर हातात असतो आणि तो बसवायला जागा उरलेली नसते.

ही हौस निष्कारण नाही. रस्त्यावर गाडी बंद पडली तर कडेला लावता येते. पाण्यात इंजिन बंद पडले की बोट वारा आणि भरती-ओहोटी नेईल तिकडे जाते, आणि तिथली कड म्हणजे बहुधा खडक. म्हणून बिघाडाची चाहूल आधीच लागावी, असे प्रत्येकाला वाटते. पण डॅशबोर्डवरच्या जागेपेक्षाही जास्त तुटवडा असतो तो चालवणाऱ्याच्या लक्षाचा. त्याची नजर बहुतेक वेळ समोरच्या पाण्यावर हवी. मधूनमधून ती खाली येते, तेवढ्या क्षणात सगळे मीटर बघून व्हायला हवेत. नवा मीटर आला की त्या क्षणाला आणखी एक वाटेकरी वाढतो.

म्हणून ड्रिल हातात घेण्याआधी स्वतःला विचारावे: हा काटा हलला तर मी काय करणार? उत्तर ‘ताबडतोब इंजिन बंद करणार’ असे असू शकते, ‘धक्क्याला लागल्यावर बघणार’ असे असू शकते, किंवा ‘काहीच नाही’ असेही असू शकते. मीटर कुठे बसवायचा, किंबहुना बसवायचा की नाही, हे त्या उत्तरावरून ठरते.

काटा नेमके काय सांगतो

पहिल्या गटात सर्वांत वर बसतो तेलाचा दाब. ढोबळ नियम असा की इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय दाब असावा. तो एकाएकी शून्याकडे गेला तर बेअरिंग घासून जायला फार वेळ लागत नाही. जुन्या मीटरमध्ये हा दाब मोजायला वाकवलेली, चपटी धातूची नळी असते. दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि काटा फिरवते. फ्रेंच तंत्रज्ञ यूजेन बूर्दों याने १८४९ साली शोधलेली ही युक्ती आजही कारखान्यांत सर्रास दिसते. बोटीत मात्र तिची एक अडचण आहे. अशा मीटरसाठी इंजिनापासून थेट डॅशबोर्डपर्यंत गरम तेलाची बारीक नळी आणावी लागते, आणि हादऱ्यांनी ती कुठे चिरली तर तेल थेट केबिनमध्ये येते. म्हणून आता इंजिनावर सेंडर, म्हणजे मोजमाप विजेच्या संकेतात पाठवणारा भाग, बसवतात आणि डॅशबोर्डपर्यंत फक्त वायर येते.

पाण्याच्या तापमानाचा काटा सगळ्यांच्या विश्वासाचा, पण त्याच्याही काही मर्यादा आहेत. इनबोर्ड डिझेल इंजिनात बहुतेकदा दोन वेगळे प्रवाह असतात. आतले गोडे कूलंट इंजिनात फिरत राहते आणि हीट एक्स्चेंजरमध्ये बाहेरून ओढलेल्या समुद्राच्या पाण्याने गार होते. तेच खारे पाणी पुढे एक्झॉस्टमध्ये सोडले जाते, आणि त्यामुळेच एक्झॉस्टचा रबरी पाइप जळत नाही. आता पाणी घेण्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चिकटली, असे समजा. मुंबईच्या बंदरात किंवा खाडीच्या मुखाशी हे नवलाचे नाही. खारे पाणी थांबते, पंपातला रबरी इंपेलर कोरडा फिरून फाटतो आणि एक्झॉस्टचा पाइप तापू लागतो. या काळात डॅशबोर्डवरचा काटा शांत असतो, कारण तो आतल्या कूलंटचे तापमान दाखवतो आणि ते चढायला वेळ लागतो. याहून वाईट म्हणजे कूलंटच गळून गेले तर सेंडरभोवती पाणी न राहता नुसती हवा किंवा वाफ उरते. अशा वेळी इंजिन भाजत असताना काटा खाली उतरलेलाही दिसू शकतो. म्हणून एक्झॉस्टच्या पाइपावर तापमानाचा अलार्म किंवा खाऱ्या पाण्याच्या वाटेवर प्रवाहाचा अलार्म बसवला, तर तो या काट्याच्या कितीतरी आधी जागा करतो. त्याला डॅशबोर्डवर लागते ती एका दिव्याची आणि बझरची जागा.

व्होल्टमीटरचे वाचन सोपे आहे. बारा व्होल्टची शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू होऊन अल्टरनेटर चार्ज करू लागला की आकडा साधारण १३.८ ते १४.४ वर जातो. इंजिन चालू असूनही काटा बाराच्या आसपास रेंगाळत असेल तर अल्टरनेटर काम करत नाही. अँमीटर हवा असेल तर विचार जास्त करावा लागतो. जुन्या पद्धतीच्या अँमीटरमधून चार्जिंगचा सगळा प्रवाह वाहतो, म्हणजे जाडजूड वायर डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावी लागते. ती सैल झाली की आगीला निमंत्रण. त्याऐवजी बॅटरीजवळ शंट, म्हणजे अगदी कमी पण ठाऊक असलेला रोध बसवतात आणि त्याच्या दोन टोकांमधला अल्पसा व्होल्टेज मोजून प्रवाह काढतात. डॅशबोर्डपर्यंत तेव्हा बारीक वायरी पुरतात.

उरलेल्यांपैकी अवरमीटर, पिण्याच्या पाण्याच्या टाकीची पातळी आणि दुसऱ्या बॅटरीचा व्होल्टमीटर हे ‘धक्क्याला लागल्यावर बघणार’ या गटातले. चाकामागे त्यांचे काही काम नाही. अवरमीटर इंजिनाच्या कप्प्यात असला तरी तेल बदलायची वेळ कळते. बॅटरीचा मीटर बॅटरीच्या मुख्य स्विचपाशी बसवावा, कारण तो बघितल्यावर हात त्याच स्विचकडे जाणार आहे. एवढी हलवाहलव केली तरी पुष्कळदा डॅशबोर्डवर दोन-तीन भोके मोकळी होतात.

एका भोकात चार मीटर

तरीही जागा पुरली नाही तर मीटर एकत्र करायचे. चार मोजमापे एकाच मोठ्या तबकडीत मांडलेले मीटर बाजारात मिळतात. तबकडीच्या चार कोपऱ्यांत चार वेगळे काटे आणि प्रत्येकाला आपापला पट्टा असेल तर ते वाचायला सोपे जातात. घोटाळा होतो तो एकाच पट्ट्यावर अनेक काटे फिरू लागले की. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी मीटर वाचताना वैमानिकांच्या झालेल्या चुकांचे २७० प्रसंग गोळा करून १९४७ साली अहवाल लिहिला. त्या काळच्या उंचीमापकात एकाच तबकडीवर तीन काटे फिरत: एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. प्रशिक्षित, अनुभवी वैमानिकही त्यात हजारो फुटांनी चुकत. दोष माणसाच्या निष्काळजीपणाचा नसून मांडणीचा असू शकतो, हा विचार तिथून रुजत गेला.

दुसरा मार्ग नेटवर्कचा. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलावीत म्हणून अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने १९८३ साली एनएमईए ०१८३ हे मानक आणले. त्यात एक उपकरण बोलते आणि बाकीची ऐकतात. पुढे आलेल्या एनएमईए २००० मध्ये सगळी उपकरणे एकाच केबलवर बोलतात. त्याचा पाया म्हणजे बॉश कंपनीने १९८६ साली मोटारगाड्यांसाठी जगासमोर ठेवलेली कॅन बस. बोटीच्या लांबीतून एक मुख्य केबल जाते, तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर असतो आणि मधे टी-जोड लावून इंजिन, जीपीएस, खोलीमापक, टाकी असे एकेक जोडत जायचे. जुन्या इंजिनाला हे बोलणे येत नसेल, तर त्याच्या सेंडरच्या वायरी घेऊन आकडे नेटवर्कवर पाठवणारे कन्व्हर्टर मिळतात. मग एका छोट्या पडद्यावर वीस गोष्टी दिसू शकतात आणि नवे मोजमाप वाढवायला नवे भोक पाडावे लागत नाही.

पण या सोयीची किंमतही आहे. पडदा बंद पडला की वीसच्या वीस गोष्टी एकदम जातात. शिवाय पडद्यावर जे दिसते ते एका वेळी एका पानापुरते. नकाशाचे पान उघडे असताना तेलाचा दाब घसरला तर तो मागच्या पानावर घसरतो. म्हणून ज्याच्या इशाऱ्यावर तत्काळ इंजिन बंद करायचे आहे, त्याला स्वतःचा काटा किंवा स्वतःचा अलार्म हवाच. पडद्यावर बाकीच्यांनी खुशाल दाटी करावी.

आकडा, काटा आणि हाताची सवय

आकडा नेमका असतो, तरी चालत्या बोटीत काटा लवकर वाचून होतो. १८२ हा आकडा बरा की वाईट, हे ठरवायला तो वाचून डोक्यातल्या दुसऱ्या आकड्याशी ताडून बघावा लागतो. काटा नेहमीच्या जागी आहे की नाही, हे मात्र न वाचता दिसते. तो हळूहळू कुठल्या बाजूला सरकतो आहे, तेही कळते. याचा फायदा घेण्याची एक जुनी रीत आहे. मीटर बसवताना प्रत्येक तबकडी थोडी फिरवायची, म्हणजे नेहमीच्या वेगाने जाताना सगळे काटे एकाच दिशेला, समजा सरळ वर, राहतील. मग वर्गातली सगळी मुले फळ्याकडे बघत असताना खिडकीबाहेर बघणारे एकच मूल जसे चटकन नजरेत भरते, तसा बिघडलेला काटा भरतो. अक्षरे थोडी तिरकी दिसतात, पण त्याची सवय होते. गोल मीटर मागच्या पट्टीने आवळलेले असतात, त्यामुळे हे करायला पाना आणि थोडा वेळ पुरतो.

जागा ठरलेली असणे हेही तितकेच मोलाचे. ब्रिटिश हवाई दलाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सहा मुख्य मीटरांची एकच ठरलेली मांडणी आपल्या विमानांत आणली, ती विमान बदलले तरी नजरेला तोच रस्ता मिळावा म्हणून. बोट आज बाप चालवतो, उद्या मुलगा. दर हंगामाला मीटर इकडून तिकडे गेले तर दोघांच्याही नजरेला शोधाशोध करावी लागेल.

हातालाही अशीच सवय लागते. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ यूएसएस जॉन एस. मॅकेन ही अमेरिकी विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. तिथे इंजिनांचा वेग टचस्क्रीनवरून सांभाळला जात होता. दोन्ही बाजूंच्या इंजिनांची नियंत्रणे एकमेकांपासून सुटी झाल्याचे लक्षात न आल्याने वेग एकाच बाजूचा कमी झाला. दोन दांडे हातात असते तर एक पुढे आणि एक मागे असल्याचे तळहातालाच कळले असते. अमेरिकी नौदलाने २०१९ साली या वर्गाच्या जहाजांवर पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचे ठरवले.

दिवा लागला, म्हणजे काय झाले?

१० जून १९९५ च्या रात्री रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना नॅनटकेटजवळच्या वाळूत रुतले. ते आपल्या मार्गापासून सुमारे १७ मैल भरकटले होते. निघाल्यावर तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली होती. यंत्राने तेव्हा थोडा वेळ चिवचिव केली, पडद्यावर इवलीशी अक्षरे दाखवली आणि शेवटचे ठिकाण, दिशा आणि वेग यांवरून अंदाजाने पुढची जागा काढत राहिले. सुमारे ३४ तास कोणालाही काही जाणवले नाही. जहाजावर खोली मोजणारे यंत्रही होते, पण त्याच्या अलार्मची मर्यादा शून्यावर ठेवलेली होती, म्हणून तेही गप्प राहिले. त्या जहाजावर उपकरणांची कमतरता नव्हतीच. एकाने सांगितलेले दुसऱ्याशी ताडून पाहण्याची रीत सुटली होती.

दुसरे उदाहरण जमिनीवरचे. मार्च १९७९ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली, आणि नियंत्रण कक्षातला दिवा ती बंद असल्याचे सांगत होता. तो दिवा झडपेला गेलेला आदेश दाखवत होता, झडपेची प्रत्यक्ष अवस्था नव्हे. शिवाय शंभराहून जास्त अलार्म पाठोपाठ वाजू लागल्याने महत्त्वाचा कुठला, हे ओळखणेच अशक्य झाले.

आदेशालाच प्रत्यक्ष अवस्था समजण्याची ही चूक बोटीच्या डॅशबोर्डवर सर्रास आढळते. बोटीच्या तळाशी साचणारे पाणी उपसायला बिल्ज पंप असतो आणि त्याचा हिरवा दिवा डॅशबोर्डवर. हा दिवा बहुधा स्विचच्या वायरीवर जोडलेला असतो. पंपाच्या जाळीत दोरीचा तुकडा अडकून पंप थांबला, तरी वीज पोहोचते आहे म्हणून दिवा खुशाल हिरवा राहतो. त्यामुळे तळात, पंपाच्या फ्लोटपेक्षा थोडा उंच, दुसरा फ्लोट स्विच बसवून त्याला मोठा भोंगा जोडावा. त्याला डॅशबोर्डची जागा जवळजवळ लागत नाही, आणि पुष्कळ बोटींसाठी नव्या मीटरपेक्षा हीच भर जास्त मोलाची ठरते.

शेवटी ड्रिल घेतलेच तर

लहान मीटरांसाठी ५२ मिलिमीटरचे भोक आणि टॅकोमीटरसाठी साधारण ८५ मिलिमीटरचे भोक ही प्रचलित मापे आहेत. तरी मीटर हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. कागदाचे गोल कापून डॅशबोर्डवर चिकटवावेत आणि उभे राहून, बसून, चाक दोन्ही बाजूंना फिरवून बघावे. मागच्या बाजूला स्टिअरिंगची केबल किंवा हायड्रॉलिक पंप येत नाही ना, हेही तपासावे. बॅटरीची जोडणी आधी काढावी. फायबरग्लासवर मास्किंग टेप लावून होलसॉ सुरुवातीला उलटा फिरवला, तर वरचा जेलकोट तडकत नाही.

मीटर आणि सेंडर एकाच जातीचे हवेत. इंधनाच्या बाबतीत अमेरिकी पद्धतीचा सेंडर टाकी रिकामी असताना सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम रोध दाखवतो. युरोपी पद्धतीत रिकामी टाकी १० आणि भरलेली १८० ओहम. म्हणजे दिशाच उलटी. अमेरिकी सेंडरला युरोपी मीटर जोडला तर रिकाम्या टाकीवर काटा ‘भरलेली’ सांगेल. एका सेंडरवर दोन मीटर लावायचे असतील, तर त्यासाठी बनवलेला वेगळा सेंडर लागतो. नुसती वायर फाटा काढून जोडली तर दोन्ही मीटर चुकीचे दाखवतील. बहुतेक इलेक्ट्रिक मीटरांच्या मागे तीन टोके असतात: किल्लीतून येणारी वीज, सेंडर आणि अर्थ. किल्ली चालू ठेवून सेंडरची वायर काढली की काटा एका टोकाला जातो आणि ती क्षणभर अर्थला टेकवली की दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे गेला तर मीटर ठीक, दोष सेंडरमध्ये किंवा वायरमध्ये. वायर कल्हई केलेल्या तांब्याची घ्यावी, कारण साधे तांबे खाऱ्या हवेत आतून काळे पडते.

होकायंत्राकडे विशेष लक्ष द्यावे. मीटरमध्ये चुंबक असतो आणि एकदिश वीज वाहणाऱ्या वायरीभोवतीही चुंबकीय क्षेत्र तयार होते. नवा मीटर फार जवळ आला तर होकायंत्र गपचूप काही अंशांनी फिरते. उपकरणासोबतच्या कागदावर होकायंत्रापासूनचे सुरक्षित अंतर दिलेले असते, ते पाळावे आणि जाणारी-येणारी वायर एकमेकींना पिळून न्यावी. बसवून झाल्यावर एकेक उपकरण चालू-बंद करत होकायंत्राच्या तबकडीकडे बघावे. ती हलली तर मीटर दूर न्यावा. रात्रीच्या दिव्यांचा विचारही इथेच करावा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि एक झगझगीत पडदा ती मेहनत क्षणात वाया घालवतो. म्हणून प्रत्येक नवे उपकरण पुरेसे मंद करता येते की नाही, हे दुकानातच विचारून घ्यावे.

आपल्या किनाऱ्यावर हा विषय हौशी बोटींपुरता राहिलेला नाही. ससून डॉक, हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या यांत्रिक मासेमारी नौकांच्या केबिनमध्ये फिशफाइंडर, जीपीएस आणि व्हीएचएफ रुळले आहेत. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये केंद्राच्या नव्या योजनेची सुरुवात झाली. तिच्यात १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. संकटात संदेश देणारे हे यंत्र उपयोगाचे आहे यात शंका नाही. पण तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्याच्या, समोरच्या फळीवर आणखी एक पेटी, आणखी एक दिवा आणि आणखी एक आवाज येणार, हेही तितकेच खरे. ती पेटी कुठे बसते, तिचा आवाज फिशफाइंडरच्या आवाजाहून वेगळा ओळखू येतो का, आणि रात्री तिचा उजेड डोळ्यांत जातो का, हे बसवणाऱ्याने तांडेलाला चाकावर उभे करून ठरवायला हवे.

तेव्हा क्रम असा असावा. ज्याच्याकडे बघून काहीच केले जात नाही तो मीटर काढावा. जो धक्क्याला लागल्यावर बघायचा तो दुसरीकडे न्यावा. ज्याचा इशारा तातडीचा त्याला भोंगा जोडावा. उरलेली मोजमापे एकत्र करावीत. इतके करूनही एखादा काटा सतत डोळ्यांसमोर हवा असे वाटत असेल, तर त्याच्यासाठी भोक जरूर पाडावे. बहुतेक वेळा तोवर जुन्यांपैकी एखादे भोक रिकामे झालेले असते.